उडीनंतर

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवर गाडीतून उतरून टीडी गार्डनच्या बाजूने बाहेर आलं की ब्राँझचा एक माणूस हवेत आडवा दिसतो. हात पुढे फेकलेले, हातात काठी, तोंड उघडं, पाय मागे सुटलेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा उडतोय. मी ॲक्टनहून येणाऱ्या गाडीने गेली कित्येक वर्षं इथे उतरतो. लोक त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघतात, त्याच्यासोबत फोटो काढतात. माझी नजर मात्र दर वेळी त्याच्या डाव्या गुडघ्यावर जाते आणि तिथेच थांबते.

हा बॉबी ऑर, बॉस्टन ब्रुइन्स संघाचा हॉकीपटू. पुतळा २०१० साली बसवला, पण त्यात गोठवलेला क्षण १० मे १९७० चा आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते मैदान आणि ध्यानचंद. इथली हॉकी बर्फावरची. एका वेळी एका संघाचे सहा जण: एक गोलरक्षक, तीन आघाडीचे, दोन बचावपटू. चेंडूऐवजी रबराची टणक चकती, तिला पक म्हणतात. पायात पोलादी पात्यांचे स्केट, मैदानाभोवती फळ्यांचं कुंपण, आणि समोरच्याला अंगाने धडकून त्या फळ्यांवर आदळणं नियमात बसणारं. यात बचावपटूचं काम ठरलेलं होतं. आपला गोल राखायचा, पक हाती लागला की आघाडीवाल्यांकडे सरकवायचा, आणि मागे थांबायचं. ऑर मागे थांबला नाही. त्याची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे, गुडघ्याचीसुद्धा.

त्या रविवारी मातृदिन होता. बॉस्टन गार्डनच्या जुन्या इमारतीत उकाडा मी म्हणत होता. स्टॅन्ली कपची, म्हणजे एनएचएल या इथल्या सर्वांत वरच्या हॉकी लीगच्या विजेतेपदाची अंतिम फेरी, समोर सेंट लुई ब्लूज. पहिले तिन्ही सामने बॉस्टन ब्रुइन्सने घेतलेले, चौथा जिंकला की कप. चौथा ३-३ वर अडला आणि जादा वेळ सुरू झाला. जेमतेम अर्धं मिनिट झालं असेल. सेंट लुईचा खेळाडू कडेकडेने पक बाहेर काढायच्या बेतात होता. अशा वेळी बचावपटूने काय करायचं हे शाळकरी पोरालाही सांगितलेलं असतं: मागे सरकायचं. ऑर पुढे घुसला. अंदाज चुकला असता तर त्याच्या मागे मोकळं रान होतं. अंदाज बरोबर निघाला, पक त्याने अडवला, गोलच्या मागे उभ्या असलेल्या डेरेक सँडरसनकडे ढकलला आणि स्वतः थेट गोलकडे सुटला. सँडरसनने तो परत दिला आणि ऑरने ग्लेन हॉल या गोलरक्षकाच्या दोन पायांमधून आत घातला. त्याच क्षणी नोएल पिकार्डची काठी त्याच्या स्केटमध्ये अडकली आणि ऑर हवेत गेला. जादा वेळेचं ४० वं सेकंद. ब्रुइन्सना कप मिळाला तो २९ वर्षांनी.

रे लुसिए नावाच्या वृत्तपत्र छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. दुसरा एक छायाचित्रकार उकाड्याने हैराण होऊन काही प्यायला उठून गेला होता, त्याच्या रिकाम्या स्टुलावर हा जाऊन बसला होता, असं सांगतात. बॉस्टनवाले आणखी एक गोष्ट बोटांवर मोजून दाखवतात: चौथा सामना, तीन भाग संपून सुरू झालेला चौथा भाग, ब्रुइन्सचा चौथा गोल, ऑरच्या शर्टावर ४ आणि त्याला पाडणाऱ्या पिकार्डच्या शर्टावरही ४. ही मोजणी मला आमच्या रस्त्यावर राहणाऱ्या एका निवृत्त इलेक्ट्रिशियनने सांगितली. इथल्या पहिल्या हिवाळ्यात दारातला बर्फ उपसताना फावडं कसं धरायचं हेही त्यानेच दाखवलं होतं. १९७० साली तो १२ वर्षांचा होता. ऑरबद्दल बोलताना तो फावडं बर्फात रोवून उभा राहायचा आणि त्याचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्यावर जायचा. त्याचा गुडघा ठणठणीत होता. तरीही जायचा.

मला त्या हाताचा अर्थ कळला, कारण मीही बचावातला होतो, कबड्डीतला कोपरारक्षक.

परळच्या चाळीत वाढलेल्या पोराला कबड्डी कोणी शिकवावी लागत नाही. संध्याकाळी मैदानावर पाणी मारलेल्या मातीचा वास सुटायचा, ट्यूबलाइटच्या उजेडात आखलेल्या रेषा पांढऱ्याशुभ्र दिसायच्या. मी डाव्या कोपऱ्यात. आमचे सर एकच वाक्य रोज सांगायचे, ‘कोपरा सोडू नकोस.’ चढाईपटू समोर आला की त्याला आत येऊ द्यायचं, निदानरेषा ओलांडू द्यायची, साखळी आवळायची आणि मग पकड. मला तेवढा दम धरवायचा नाही. त्याचा पुढचा पाय माझ्या टप्प्यात आला रे आला की मी पट काढायला झेपावायचो. दहातल्या सहा वेळा तो पडायचा. उरलेल्या चार वेळा सरांचा आवाज चाळीपर्यंत ऐकू जायचा.

१९९३ च्या निवड चाचणीत मी असाच झेपावलो. घोटा हातात आला, चढाईपटू मध्यरेषेकडे रेटत निघाला, माझा डावा पाय मातीत रुतलेला, आणि मदतीला आलेला आमचाच मध्यरक्षक वरून माझ्या गुडघ्यावर पडला. आत काहीतरी ‘टक्’ झालं. ओला फाटा मोडावा तसा आवाज, फारसा मोठा नाही. पकड मी सोडली नाही, पंचांनी गुण दिला. सकाळी गुडघा नारळाएवढा झाला होता. आधी हाडवैद्याचा लेप, मग शेक, मग महिनाभर काठी. सूज उतरली म्हणून पुन्हा मैदानात उतरलो. तीन महिन्यांनी बसमधून उतरताना गुडघा मध्येच अडकला, सरळही होईना आणि वाकेही ना. शेवटी शस्त्रक्रिया झाली. दुर्बिणीने करणारे डॉक्टर तेव्हा मुंबईत होते, पण तो खर्च आमच्या घराला झेपणारा नव्हता. गुडघा उघडून हाडांमधली फाटलेली गादी काढून टाकली. डॉक्टर आईला म्हणाले, ‘आता अडकणार नाही.’ खरंच पुन्हा अडकला नाही. आणखी दोन मोसम मी खेळलो, पण झेपावलो नाही. कोपरा न सोडणारा, सरांना हवा होता तसा खेळाडू झालो आणि माझा खेळ संपला.

मी ऑर नव्हतो, त्याच्या नखाचीही मला सर नाही. पण बर्फावर पाय रोवून फिरणारा डावा गुडघा मी बघतो तेव्हा आत काय होत असेल ते मला पुस्तकात वाचावं लागत नाही.

ऑर मूळचा पॅरी साउंडचा. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात जॉर्जियन बेच्या काठावरचं ते छोटं गाव. वडील स्फोटकांच्या कारखान्यात कामाला, आई कॉफी शॉपमध्ये वेट्रेस. गावातली सेगुइन नदी हिवाळ्यात गोठली की पोरं तिच्यावर खेळायची. तिथे संघ नसायचे, जागा ठरलेल्या नसायच्या. ज्याच्याकडे पक आहे त्याच्यामागे बाकी सगळे, आणि त्याने तो जितका वेळ टिकवता येईल तितका टिकवायचा. ऑर पुढे भरल्या मैदानात सगळा संघ मागे लावून पक नाचवायचा, त्याचं मूळ या नदीवर आहे.

पोरगं वेगवान होतं, नेमही पक्का होता. वडिलांना वाटायचं, याला आघाडीला खेळवावं. गावात बको मॅकडोनाल्ड म्हणून प्रशिक्षक होते. ते स्वतः एनएचएलमध्ये बचावपटू म्हणून खेळलेले, नंतर त्या भागाचे खासदारही झालेले. त्यांनी वडिलांचं ऐकलं नाही, ऑरला बचावातच ठेवलं. त्यामागे मला मोठी दृष्टी दिसते. आघाडीचा खेळाडू समोरचं अर्धं मैदान बघतो, मागे उभा असलेला सगळं बघतो. त्याच्या पायांना वेग होताच, मॅकडोनाल्डनी त्याला ते सगळं मैदान बघायला दिलं.

तो १२ वर्षांचा असताना ब्रुइन्सच्या लोकांनी त्याला एका स्पर्धेत हेरलं. चौदाव्या वर्षी, १९६२ मध्ये, करार झाला. त्यात थोडे पैसे होते आणि एक अट अशी की ऑरच्या घराच्या भिंतींना बाहेरून गिलावा क्लबने करून द्यायचा. मला ही अट फार जवळची वाटते. चाळीतल्या कुठल्याही बापाने पोराच्या पहिल्या नोकरीवर हेच मागितलं असतं. मग ओशावा जनरल्स या ज्युनियर संघाकडून खेळणं सुरू झालं. पहिल्या वर्षी तो शाळेसाठी घरीच राहायचा, शनिवार-रविवारी मोटारीने तास न् तास प्रवास करून सामन्यांना जायचा. १४ वर्षांचा हा मुलगा अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या धडका खात होता.

१९६६ च्या शरद ऋतूत, अठराव्या वर्षी, तो ब्रुइन्समध्ये आला. ब्रुइन्स तेव्हा तळाला घसरलेला संघ. त्या मोसमातला सर्वोत्तम नवा खेळाडू तो ठरला. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्या वर्षी न्यूयॉर्कच्या हॅरी हॉवेलला मिळाला आणि हॉवेलने तो घेतानाच बोलून दाखवलं की बरं झालं आत्ता मिळाला, यापुढे तो ऑरचाच असणार. झालंही तसंच. १९६८ ते १९७५, सलग आठ वर्षं नॉरिस ऑरकडे राहिला.

आकडे मी थोडक्यात सांगतो. ते सांगितल्याशिवाय इथल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी का येतं ते कळणार नाही. त्याच्याआधी एकाही बचावपटूने एका मोसमात १०० गुण गाठले नव्हते. गोलला एक गुण, गोलसाठी दिलेल्या पासलाही एक. १९६९-७० मध्ये ऑरने १२० केले आणि लीगमध्ये सर्वाधिक गुणांचा मान मिळवला. आघाडीवाल्यांसाठीच असल्यासारखा तो मान त्याने पुढे १९७५ मध्येही घेतला, आणि आजपर्यंत दुसऱ्या कुठल्या बचावपटूला तो मिळालेला नाही. १९७०-७१ मध्ये ३७ गोल, १०२ पास, १३९ गुण. त्याच वर्षी तो बर्फावर असताना दोन्ही संघ पूर्ण ताकदीने खेळत होते तेव्हा ब्रुइन्सने केलेले आणि खाल्लेले गोल यांतला फरक अधिक १२४ होता. पन्नास वर्षं उलटून गेली, तो आकडा कोणी गाठलेला नाही. मला सगळ्यांत मोठा वाटतो तो हाच. तो गोल करत होता आणि होऊही देत नव्हता. मागची जागा सोडून पुढे जाणारा माणूस मागची जागाही राखत होता.

जुनं चित्रीकरण बघा. स्वतःच्या गोलमागून तो पक घेऊन निघतो. पहिली तीन पावलं आखूड, मग एकदम लांब. समोरचा अंगावर येतो तसा तो वेग कमी करतो, समोरचा थांबतो, आणि नेमक्या त्याच क्षणी तो पुन्हा वेग धरतो. डावीकडे वळण घेताना अंग इतकं कलतं की वाटावं, पडला. सगळा भार पात्याच्या बोटभर कडेवर. स्केटमध्ये तो मोजे घालायचा नाही, अनवाणी पाय सरळ आत. कडेचा बर्फ तळव्याला कळत असणार. आणि त्या कडेच्या वर, वळणाच्या ऐन मध्यावर, पिळला जाणारा गुडघा.

हा गुडघा पहिल्याच मोसमात दुखावला. डिसेंबर १९६६ मध्ये टोरोंटोच्या मार्सेल प्रोनोव्हाने त्याला फळ्यांवर दाबलं. मग दुखापती येतच राहिल्या, हा गुडघा, तो गुडघा, खांदा, गळ्याचं हाड. १९६८ च्या फेब्रुवारीत डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या मोसमात तो जेमतेम ४६ सामने खेळला आणि तरीही नॉरिस त्यालाच मिळाला. म्हणजे ज्या ऑरच्या कथा बॉस्टनमध्ये सांगतात, ज्याचे विक्रम अजून उभे आहेत, त्याचा गुडघा धड नव्हताच. ‘दुखापतीने कारकीर्द अर्ध्यावर संपली’ हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही. त्यातून असं वाटतं की एक धडधाकट माणूस नऊ वर्षं खेळला आणि मग एके दिवशी घात झाला. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक वर्ष त्याने त्या गुडघ्याकडून मागून घेतलं.

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. भार पसरवायचा आणि हिसका झेलायचा, हे त्यांचं काम. पाय रोवलेला असताना वरचं अंग फिरलं की ती फाटते. तेव्हाचा उपाय सरळ होता: गुडघा उघडायचा आणि फाटलेली गादी पूर्ण काढायची. दुखणं थांबायचं, पाय मोकळा व्हायचा, खेळाडू काही आठवड्यांत परत. गादीशिवाय हाड हाडावर घासत राहतं आणि सांध्याचं रूप बदलत जातं हे फेअरबँक या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने एक्स-रेवरून दाखवलं होतं ते १९४८ साली. ऑरचा जन्म १९४८ चाच. कळलेलं होतं, पण हातात दुसरं काही नव्हतं.

आणि तरी होतं, फक्त फार लांब होतं. टोकियोत मासाकी वतानाबे सांध्यात दुर्बीण घालून आत बघत होते. १९६२ मध्ये, ऑरने ब्रुइन्सशी करार केला त्याच वर्षी, त्यांनी दुर्बिणीतून गादीचा फक्त फाटलेला तुकडा काढून दाखवला. रॉबर्ट जॅक्सन नावाचे तरुण डॉक्टर १९६४ मध्ये टोकियोला गेले, वतानाबेंकडून ते तंत्र शिकले आणि परत येऊन आपल्या गावी ते करू लागले. त्यांचं गाव टोरोंटो. ज्या प्रांतात ऑर वाढला त्याची राजधानी. पण नवं तंत्र डॉक्टरांच्या गळी उतरायला दहा-बारा वर्षं गेली आणि तोवर ऑरचा गुडघा पुन्हा पुन्हा उघडून झाला होता. सगळ्या शस्त्रक्रिया धरल्या तर डझनाच्या वर जातात.

हे सगळं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री बराच वेळ झोप लागली नाही. टोकियो ते टोरोंटो दोन वर्षांत आलेलं तंत्र टोरोंटो ते बॉस्टन दहा वर्षांत येत नाही. तीस वर्षांनी तेच तंत्र माझ्याच शहरात होतं आणि आमच्या घरापर्यंत आलं नाही. यात कोणी खलनायक नाही. ऑरवर शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी त्या काळी जे उत्तम होतं तेच केलं, माझ्या डॉक्टरांनीही तेच केलं. राग येतो तो घाईचा. टाके वाळायच्या आत त्याला पुन्हा बर्फावर बघायची सगळ्यांना घाई होती, आणि त्यालाही होती. तो अजून पंचविशीचाही नव्हता.

१९७२ मध्ये ब्रुइन्सना दुसरा कप मिळवून दिल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका झाली. कॅनडात आजही जुनी माणसं तिच्याबद्दल, आपल्याकडे १९८३ च्या विश्वचषकाबद्दल बोलतात तशी बोलतात. ऑर संघासोबत होता, सरावाला उतरला, आणि एकही सामना खेळू शकला नाही. १९७४-७५ मध्ये मात्र तो ८० च्या ८० सामने खेळला, ४६ गोल केले. तो त्याचा शेवटचा पुरा मोसम. वय २७.

पुढच्या मोसमात दहा सामने. मग पुन्हा टेबलावर.

सप्टेंबर १९७६ मधली कॅनडा कप स्पर्धा मात्र डोळे भरून बघण्यासारखी आहे. त्याला गुडघा नीट वाकवता येत नव्हता. सकाळी सराव शक्य नसायचा आणि संध्याकाळी तो सामना खेळायचा. सात सामन्यांत नऊ गुण. सगळ्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. चित्रीकरणात नीट बघितलं तर जुनी लांब पावलं दिसत नाहीत. तो धावत नाहीये, वाट बघतोय. पक स्वतःकडे येऊ देतो, समोरच्याला हलू देतो आणि मग एक पास देतो, असा की आघाडीवाल्याला फक्त काठी टेकवायची उरते. पाय गेले तेव्हा डोळे उरले होते, बको मॅकडोनाल्डनी घडवलेले. माझ्या शेवटच्या दोन मोसमांत मी जे करायचो त्याला मी कायम हार समजत आलो होतो. हे सात सामने बघितल्यापासून तसं समजत नाही.

तोपर्यंत ब्रुइन्सशी त्याचं नातं तुटलं होतं. ही या गोष्टीतली दुसरी दुखापत, आणि मला ती पहिलीपेक्षा जड वाटते. ॲलन ईगलसन हा टोरोंटोचा वकील ऑरच्या पोरवयापासून त्याचे व्यवहार बघायचा. ऑरचा त्याच्यावर सख्ख्या भावासारखा विश्वास होता. हाच ईगलसन खेळाडूंच्या संघटनेचाही प्रमुख होता. १९७६ मध्ये करार संपला तेव्हा ब्रुइन्सने ऑरला जो प्रस्ताव दिला त्यात क्लबची १८.५ टक्के मालकी होती. ईगलसनने ही गोष्ट ऑरच्या कानावर घातलीच नाही. बॉस्टनला तू नकोसा झालायस, असं ऑरला वाटत राहिलं आणि तो शिकागो ब्लॅक हॉक्सकडे गेला.

ज्या गावासाठी गुडघा झिजवला त्या गावाने टाकलं असं मनात घेऊन एक माणूस दुसऱ्या गावी जातो, आणि इकडे गावाला वाटतं की तो पैशासाठी गेला. दोघंही वर्षानुवर्षं एकाच खोट्याखाली राहिले. त्या इलेक्ट्रिशियन शेजाऱ्याच्या वडिलांनी त्या वर्षी भिंतीवरची ऑरची तसबीर उतरवून तळघरात ठेवली होती. खरं काय ते कळलं तेव्हा ते हयात नव्हते.

शिकागोत पहिल्या मोसमात २० सामने. दुसरा मोसम पूर्ण बाहेर. तिसऱ्यात सहा. शिकागोचे पगाराचे चेक त्याने वटवले नाहीत, असं सांगतात. खेळायचे पैसे ठरले होते आणि खेळणं होत नव्हतं, एवढंच त्याचं म्हणणं. नोव्हेंबर १९७८ मध्ये, तिशीत, त्याने निवृत्ती जाहीर केली. एकूण ६५७ सामने, ९१५ गुण. दोन वर्षांनी ईगलसनशी संबंध संपवला तेव्हा हिशेबात कमाईपेक्षा देणी जास्त निघाली. पुढे ईगलसनचे बाकीचे व्यवहारही बाहेर आले. १९९८ मध्ये बॉस्टन आणि टोरोंटोच्या न्यायालयांत त्याने फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि तुरुंगात गेला. हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव ठेवणार असाल तर आमचं काढा, असं म्हणणाऱ्या जुन्या खेळाडूंमध्ये ऑर होता. शेवटी ईगलसनलाच तिथून बाहेर पडावं लागलं. ऑर नंतर स्वतः तरुण खेळाडूंचा प्रतिनिधी झाला, त्यांचे करार बघू लागला. याबद्दल त्याने फार भाषणं केलेली नाहीत. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या आईबापांसमोर कागद ठेवताना त्याला काय आठवत असेल, याचा विचार माझ्या मनात येतोच.

९ जानेवारी १९७९ ला बॉस्टनने त्याचा ४ नंबर कायमचा निवृत्त केला. पाहुणा सोव्हिएत संघ होता, सामन्याआधी कार्यक्रम आखलेला होता. ऑर सुटाबुटात बर्फावर आला आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेचनात. निवेदक थांबला, भाषणं राहिली, आखलेला बराचसा कार्यक्रम गुंडाळावा लागला. ऑर दोन शब्द बोलायला माइकपाशी यायचा आणि लोक बोलू द्यायचे नाहीत. शेवटी त्याने कोटाच्या जागी ब्रुइन्सचा शर्ट चढवला, तेव्हा कुठे त्याला आभार मानता आले. शेजारी त्या रात्री तिथे होता, एकविशीचा. तो म्हणतो, आम्हाला त्याचं भाषण ऐकायचं नव्हतं, त्याला त्या शर्टात बघायचं होतं. त्याच्या वडिलांना त्याने बरोबर चलायला सांगितलं होतं. ते आले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात इथल्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडासमोर धरला. डाव्या गुडघ्यात आतल्या बाजूला दोन हाडांमध्ये काळी फट दिसायला हवी तिथे पांढऱ्यावर पांढरं होतं. ‘इथे कधी शस्त्रक्रिया झाली होती का?’ त्यांनी विचारलं. मी वर्ष सांगितलं, खेळ सांगितला. कबड्डी त्यांना माहीत नव्हती, म्हणून मी खुर्चीतून उठून कोपऱ्यात कसं उभं राहायचं ते करून दाखवलं, डावा पाय पुढे, हात सैल, नजर समोरच्याच्या पायांवर. त्यांनी हसून मान हलवली आणि सांधा बदलण्याबद्दल बोलू लागले. ऑरनेही पुढे गुडघे बदलून घेतले. आता तो विनादुखणं चालतो म्हणे.

त्या संध्याकाळी घरी येऊन मुलीला मी १० मे १९७० चं चित्रीकरण दाखवलं. ती इथेच जन्मलेली, शाळेच्या संघात बर्फावरची हॉकी खेळणारी, बचावात. पुतळ्यासमोरून ती माझ्याबरोबर शंभरदा गेली असेल, पण पुढचं तिने कधी बघितलं नव्हतं. ‘थांबव, थांबव,’ ती फोटोवाल्या क्षणाशी म्हणाली. मी म्हटलं, ‘नको, पुढे जाऊ दे.’

ऑर हवेतून खाली येतो, बर्फावर आपटतो आणि घसरत जातो. सगळ्यांत आधी सँडरसन त्याच्या अंगावर झेपावतो, मग बाकीचे, एकावर एक. मुलगी स्क्रीनच्या जवळ सरकली. मी विचारलं, ‘काय शोधतेस?’

‘उठताना आधी कुठला पाय टेकतो ते.’

आम्ही ते पाच-सहा वेळा मागे नेऊन बघितलं. गर्दीत दिसत नाही.